शंका-समाधान : मोजायचे नेमके काय?

या वेळचे बहुतेक प्रश्न मोजणीचे आणि संभाव्यतेचे आहेत. पत्रे वाचताना जाणवले की सूत्रे पुष्कळांना पाठ आहेत. गाडी अडते ती त्याआधी : क्रम बदलला तर नवा प्रकार धरायचा की नाही, तीच वस्तू पुन्हा येऊ शकते का, आणि आपण मोजलेले सगळे प्रकार सारख्याच शक्यतेचे आहेत का. या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून घेतल्या तर निम्म्या शंका पत्र पाठवण्याआधीच मिटतील. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दाराच्या कुलपाला चार अंकी संकेतांक आहे. रोजच्या वापराने चार बटणे झिजलेली दिसतात. घरातल्यांचे म्हणणे असे की एखादा अंक दोनदा येणारा संकेतांक ठेवू नये, कारण मग तीनच बटणे झिजतील आणि चोराचे काम सोपे होईल. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, उलट आहे. चार वेगळी बटणे झिजली असतील तर प्रत्येक अंक एकदाच आला आहे हे चोराला कळते. त्याला फक्त क्रम शोधायचा उरतो. पहिल्या जागी ४ पर्याय, मग ३, मग २, मग १, म्हणजे ४ × ३ × २ × १ = २४ संकेतांक.

तीनच बटणे झिजली असतील, समजा २, ५ आणि ७, तर यांपैकी कोणता अंक दोनदा आला हे चोराला माहीत नाही. तिथे ३ पर्याय. समजा ७ दोनदा आहे. चार जागांपैकी ७ साठी दोन जागा निवडण्याचे प्रकार ६. उरलेल्या दोन जागी २ आणि ५ बसवण्याचे प्रकार २. एकूण ३ × ६ × २ = ३६. प्रत्येक प्रयत्नात नवा संकेतांक वापरून पाहणाऱ्याला चार झिजलेल्या बटणांच्या कुलपावर सरासरी साडेबारा प्रयत्न लागतील, तीन बटणांच्या कुलपावर साडेअठरा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३ × २४ = ७२ हे उत्तर. दोन ७ एकमेकांच्या जागी ठेवले तरी संकेतांक तोच राहतो, त्यामुळे प्रत्येक संकेतांक त्या ७२ मध्ये दोनदा मोजला गेला आहे.

तीनवरून दोन बटणांवर मात्र जाऊ नका. दोन अंक असतील तर एक तीनदा आणि दुसरा एकदा (८ प्रकार) किंवा दोन्ही दोनदोनदा (६ प्रकार), असे १४ च संकेतांक होतात. एकच बटण झिजले असेल तर मोजण्यासारखे काही उरतच नाही.

बटणांवर खुणा नसतील तर वरचा हिशोब लागू नाही. तेव्हा एकूण १०,००० संकेतांक : चारही अंक वेगळे असलेले ५,०४०, एकच जोडी असलेले ४,३२०, दोन जोड्यांचे २७०, एक अंक तीनदा असलेले ३६० आणि चारही सारखे असलेले १०. बेरीज १०,००० येते. प्रकार पाडून मोजले की अशी बेरीज करून पाहावी, सुटलेला किंवा दोनदा मोजलेला गट लगेच उघडा पडतो. आणि १०,००० ही संख्या संकेतांक खरोखर कसाही निवडला असेल तरच कामाची. दिवस-महिना या स्वरूपातल्या तारखा फक्त ३६६ आहेत. १९५० ते २०१० ही जन्मवर्षे अवघी ६१.

प्रश्न : बारा जणांचे चार-चारांचे तीन गट किती प्रकारे पडतील? माझे उत्तर ३४,६५० येते, सहकाऱ्याचे ५,७७५. दोघांनाही आपले बरोबर वाटते.

उत्तर : दोघांचेही बरोबर असू शकते, कारण प्रश्नच अर्धवट आहे. गटांना वेगवेगळी कामे असतील (एक गट मांडणीचा, एक नोंदणीचा, एक हिशोबाचा) तर पहिल्या गटासाठी १२ पैकी ४, म्हणजे ४९५ प्रकार, दुसऱ्यासाठी उरलेल्या ८ पैकी ४, म्हणजे ७०, आणि तिसरा गट आपोआप ठरतो. ४९५ × ७० = ३४,६५०. गटांना नाव नाही, काम नाही, फक्त कोण कोणाबरोबर आहे एवढेच पाहायचे असेल, तर तेच तीन गट ३ × २ × १ = ६ क्रमांनी मोजले गेले आहेत. सहाने भागा, ५,७७५ येतात.

हे भागणे फक्त सारख्या आकाराच्या गटांपुरतेच आहे. बारा जणांचे ५, ४ आणि ३ असे गट केले तर आकारावरूनच गट ओळखू येतात, तिथे सहाने भागले तर उत्तर चुकेल. शंका आली की छोट्या संख्येवर ताडून पाहावे : चौघांच्या दोन जोड्या हाताने लिहून काढल्या तर तीनच निघतात, आणि ४ पैकी २ निवडण्याचे प्रकार आहेत ६.

प्रश्न : गोल टेबलाभोवती सहा जण चिठ्ठ्या टाकून बसणार आहेत. त्यातल्या दोघांचे पटत नाही. ते शेजारी न येण्याची शक्यता किती?

उत्तर : पाचात तीन. १२० रचना लिहीत बसू नका. त्या दोघांपैकी एकाला कुठेही बसवा. दुसऱ्यासाठी पाच खुर्च्या उरतात. त्यातल्या दोन शेजारच्या, तीन दूरच्या. बाकीचे चौघे कसे बसतात याने फरक पडत नाही, म्हणून त्यांना मोजायचेच नाही.

प्रश्न : पाच जणांत एकाला सुट्टीच्या दिवशी कामाला थांबवायचे आहे. चार कोऱ्या चिठ्ठ्या, एकीवर खूण. प्रत्येकाला पहिल्यांदा चिठ्ठी उचलायची घाई असते. काहींना वाटते शेवटी उचलावी. फरक पडतो का? आणि सात जण असतील तर दोन फासे टाकून निवड करता येईल का?

उत्तर : उचललेली चिठ्ठी परत टाकायची नसेल तर काहीही फरक पडत नाही. पहिल्याला खूण येण्याची शक्यता १/५. दुसऱ्यापर्यंत खूण शिल्लक राहण्याची शक्यता ४/५, आणि मग चार चिठ्ठ्यांतून ती त्यालाच येण्याची १/४. गुणाकार पुन्हा १/५. तिसऱ्याचे ४/५ × ३/४ × १/३, तेही १/५. शेवटचा चिठ्ठी उचलत नाही, उरलेली घेतो, तरी त्याचा वाटा तेवढाच.

एकाची चिठ्ठी उघडून पाहिली की पुढच्यांच्या शक्यता बदलतात हे खरे. पण तो बदल माहितीमुळे होतो, आणि ती माहिती मिळण्याआधी सगळे एकाच पातळीवर असतात. चिठ्ठी उचलून, पाहून, पुन्हा डब्यात टाकायची आणि खूण निघेपर्यंत पाळीपाळीने खेळत राहायचे, अशी पद्धत ठेवली तर मात्र पहिल्याचे नुकसान आहे. पाच जणांत त्याच्यावर काम येण्याची शक्यता सुमारे २९.७ टक्के होते, पाचव्यावर १२.२ टक्के.

सोडतीत खरी गडबड गणितात होत नाही, हाताळणीत होते. खुणेचा कागद जाड असतो, घडी वेगळी पडते, शेवटी टाकलेली चिठ्ठी वरच राहते. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत लष्करभरतीसाठी ३६६ जन्मतारखांची सोडत काढली तेव्हा हेच झाले. तारखांच्या डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या गेल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा लवकर निघण्याकडे स्पष्ट कल दिसला. तेव्हा एका आकाराचे कागद, एकसारखी घडी, खोल डबा, आणि सगळ्या चिठ्ठ्या टाकून झाल्यावरच ढवळणे.

आता सात जण आणि दोन फासे. दोन फाशांची बेरीज वापरू नका. २ ते १२ असे अकरा निकाल दिसतात, पण ते सारख्या शक्यतेचे नाहीत. ७ ही बेरीज ३६ पैकी ६ प्रकारे येते, २ फक्त एका प्रकारे. अशी गल्लत फार जुनी आहे. तीन फाशांवर ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा संचांतून होतात, तरी खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसतो, हा प्रश्न गॅलिलिओपुढे आला होता. त्याने २१६ निकाल मोजून दाखवले : ९ चे २५, १० चे २७. ३-३-३ हा संच एकाच प्रकारे पडतो आणि ६-२-१ हा सहा प्रकारे, हे विसरले की संच बरोबरीचे वाटू लागतात. द'अलांबेरसारखा गणितीही दोन नाण्यांच्या बाबतीत याच खड्ड्यात पडला. पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, म्हणून निकाल तीनच आणि त्यांतले दोन अनुकूल, असे त्याने धरले आणि निदान एक छापा येण्याची शक्यता २/३ सांगितली. खरी आहे ३/४.

तुमच्यासाठी सोपी रीत अशी. दोन वेगळ्या रंगांचे फासे घ्या. लाल फाशावरच्या अंकातून १ वजा करा, ६ ने गुणा, त्यात पांढऱ्यावरचा अंक मिळवा. १ ते ३६ मधली एक संख्या येते आणि प्रत्येकीची शक्यता सारखी असते. ३६ आली तर पुन्हा फेका. नाहीतर तिला ७ ने भागून बाकी पाहा. ० ते ६ या प्रत्येक बाकीच्या वाट्याला बरोबर पाच संख्या येतात. ३६ ठेवली असती तर बाकी १ असणाऱ्याच्या वाट्याला सहा आल्या असत्या.

याच पत्रात नाणे सदोष असल्याची शंका आहे. त्यावर फोन नॉयमन या गणितीची युक्ती आहे : नाणे दोनदा उडवा. छापा-काटा आला तर पहिला, काटा-छापा आला तर दुसरा, दोन्ही सारखे आले तर पुन्हा दोनदा उडवा. नाणे कितीही एकतर्फी असले तरी या दोन क्रमांच्या शक्यता समान असतात. अट एवढीच की एका फेकीचा दुसऱ्या फेकीवर परिणाम नको. दोन सारखे आल्यावर पूर्ण जोडी टाकून द्यायची. दुसरी फेक ठेवून फक्त तिसरी नवी घेतली की युक्ती निकामी होते.

प्रश्न : वर्गातल्या ४० मुलांना एकमेकांचे पेपर तपासायला देते. गठ्ठा पिसून वाटला की दर वेळी एखाद्याला स्वतःचाच पेपर येतो. माझे पिसणे कच्चे आहे का?

उत्तर : पिसणे ठीक आहे. प्रत्येक मुलाला स्वतःचा पेपर येण्याची शक्यता १/४०, मुले ४०, म्हणून सरासरीने एका मुलाला स्वतःचाच पेपर येतो. हे सरासरीचे उत्तर वर्ग ४० चा असो की ४०० चा, एकच राहते. कोणालाच स्वतःचा न येण्याची शक्यता अशी काढतात :

१ − १ + १/२ − १/६ + १/२४ − १/१२० …

छेदात १ × २, १ × २ × ३ असे गुणाकार येत जातात. बेरीज लवकरच सुमारे ०.३६८ वर स्थिरावते. पाच मुलांसाठी १२० पैकी ४४ वाटपे अशी आहेत, म्हणजे ३६.७ टक्के, आणि दहांपासून पुढे तर फरक तिसऱ्या दशांशातही दिसत नाही. मोंमोर या फ्रेंच गणितीने १७०८ मध्ये पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने हा प्रश्न मांडला होता.

गठ्ठा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा पिसला तर सरासरी पावणेतीन वेळा पिसावे लागेल. त्यापेक्षा पेपर पिसून त्याच क्रमाने नावे लिहून घ्या आणि प्रत्येकाला यादीत त्याच्या पुढच्या नावाचा पेपर द्या, शेवटच्याला पहिल्याचा. स्वतःचा पेपर कोणाकडे जाणार नाही. या रीतीने सगळी शक्य वाटपे होत नाहीत (पाच मुलांत ४४ पैकी २४ च), पण जी गळतात त्यांत दोन मुलांनी आपसात पेपर बदलण्याचे प्रकारही येतात. तपासणीसाठी ते गेलेलेच बरे.

प्रश्न : आठ खेळाडूंची स्पर्धा आहे. साखळी आणि बाद पद्धतीत सामने किती?

उत्तर : साखळीत प्रत्येक जोडीचा एक सामना, ८ × ७ ÷ २ = २८. बाद पद्धतीत ७. प्रत्येक सामन्यात एक जण बाहेर जातो आणि सात जणांना बाहेर जायचे आहे. फेऱ्यांची आकृती काढायची गरज नाही, खेळाडू ८ ऐवजी ११ असले तरी १० सामने.

प्रश्न : २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते असे वाचले. आमच्या २५ जणांच्या गटात माझ्या वाढदिवशी कोणाचाच वाढदिवस नाही. मग?

उत्तर : ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात कोणतीही जोडी चालते. २३ जणांत २३ × २२ ÷ २ = २५३ जोड्या होतात. उलट बाजूने मोजायचे : दुसऱ्याची तारीख पहिल्याहून वेगळी असण्याची शक्यता ३६४/३६५, तिसऱ्याची दोघांहून वेगळी असण्याची ३६३/३६५, असे ३४३/३६५ पर्यंत गुणत गेलो की ०.४९३ येते. म्हणून निदान एक जुळणी होण्याची शक्यता ५०.७ टक्के. चाळीस जणांत ती ८९ टक्क्यांवर जाते.

तुम्ही मात्र स्वतःची तारीख पक्की धरली आहे. तुमच्या जोड्या २४ च, आणि तुमच्याशी कोणाची तरी तारीख जुळण्याची शक्यता ६.४ टक्के. ती निम्म्यावर जायला तुमच्याशिवाय २५३ जण लागतात. २९ फेब्रुवारी इथे सोडून दिला आहे. वर्षात जन्म सारखे विखुरलेले नसतात, पण त्यामुळे जुळणीची शक्यता थोडी वाढतेच.

हाच हिशोब पावत्यांना किंवा नोंदींना कसेही चार अंकी क्रमांक देणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. क्रमांक १०,००० आहेत म्हणून निश्चिंत राहिलात तर सुमारे १२० नोंदींतच एखादा क्रमांक दोनदा दिला जाण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. सहा अंकी केले तरी १,१८० च्या आसपास. क्रमांक ओळीने द्या, किंवा देण्यापूर्वी जुन्या यादीत पाहा.

प्रश्न : शनिवारी पावसाची शक्यता ७० टक्के, रविवारी ५०. दोन दिवसांत मिळून किती? १२० तर होऊ शकत नाही.

उत्तर : बेरीज तेव्हाच करता येते जेव्हा दोन्ही घटना एकत्र घडूच शकत नाहीत. इथे दोन्ही दिवशी पाऊस पडू शकतो आणि तसे दिवस बेरजेत दोनदा मोजले जातात. दोन दिवसांचा एकमेकांशी संबंध नाही असे धरले तर दोन्ही दिवस कोरडे जाण्याची शक्यता ०.३ × ०.५ = ०.१५, म्हणून निदान एकदा पाऊस पडण्याची ८५ टक्के.

पण तसे धरावे का? पाऊस देणारी प्रणाली दोन-तीन दिवस टिकते, शनिवार आणि रविवार एकमेकांना बांधलेले असतात. फक्त दिलेल्या दोन आकड्यांवरून खात्रीने एवढेच म्हणता येते की उत्तर ७० ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. रविवारचा पाऊस फक्त शनिवारी पाऊस झाला तरच पडणार असेल तर ७०. शनिवार कोरडा गेल्यास रविवारी नक्की पडणार असेल तर १००. ८५ हा मधला अंदाज आहे. दोन दिवस सारखेच वागत असतील तर खरे उत्तर त्याहून कमी असते.

प्रश्न : "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" यंदा आला. आता पुढची शंभर वर्षे निश्चिंत राहायचे का? आणि तीस वर्षे राहायचे म्हणून घर घेणाऱ्याने हा आकडा कसा वाचावा?

उत्तर : निश्चिंत राहू नका. या शब्दांचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का असा आहे. पुढच्या वर्षीही ती १ टक्काच.

तीस वर्षांसाठी ३० टक्के म्हणणे थोडे जास्त होते. एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ ला स्वतःशी तीस वेळा गुणून मिळते, ०.७४. म्हणून निदान एकदा येण्याची २६ टक्के, चारात एकाहून थोडी जास्त. शंभर वर्षांतही ती १०० टक्के होत नाही, ६३ टक्के होते. ती निम्म्यावर केव्हा येते? ६९ वर्षांनी. 'इतक्या वर्षांतून एकदा' यातल्या वर्षांना ०.६९३ ने गुणण्याची ही रीत कोणत्याही दुर्मीळ घटनेला जवळपास लागू पडते. पाणलोट, नदीचे पात्र किंवा हवामान बदलत असेल तर मूळ १ टक्काच जुना झालेला असतो. तेव्हा आकड्यामागचा नकाशा कोणत्या वर्षीचा आहे हे आधी पाहावे.

प्रमाणाने अंदाज बांधण्याची फसगत द मेरे या फ्रेंच सरदारामुळे प्रसिद्ध झाली. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा ६ येण्याची शक्यता ५१.८ टक्के. सहा निकालांना चार फेकी, मग ३६ निकालांना २४ फेकी पुरतील या हिशोबाने दोन फाशांवर जोडषटक्यासाठी (दोन्हींवर ६) २४ फेकी धरल्या तर शक्यता येते ४९.१ टक्के. पंचवीस लागतात. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितींचा जो पत्रव्यवहार झाला त्यात हाही प्रश्न होता.

प्रश्न : मुलांना नाणे २०० वेळा उडवून निकाल लिहायला सांगितले. काहींनी घरी बसून मनानेच लिहिले असा संशय आहे. ओळखता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. प्रत्येक वहीत सलग सारख्या निकालांची सर्वांत लांब ओळ शोधा. खऱ्या २०० फेकींत सलग सहा किंवा जास्त वेळा एकच बाजू येण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के असते. मनाने लिहिणारा चार छापे झाले की अस्वस्थ होतो आणि काटा लिहितो. छापा-काट्यांची एकूण संख्या पाहून मात्र काही कळणार नाही, ती तो जपतोच.

एखाद्या वहीत सहाची ओळ नाही म्हणून लगेच आरोप करू नका. शंभर प्रामाणिक मुलांतही तिघा-चौघांकडे ती नसेल.

प्रश्न : एका आजाराची चाचणी सकारात्मक आली. चाचणी ९९ टक्के रुग्ण अचूक ओळखते असे सांगतात. म्हणजे आजार असण्याची शक्यता ९९ टक्के झाली ना?

उत्तर : तेवढ्यावरून सांगता येत नाही. ९९ टक्के हे रुग्णांपैकी किती जणांची चाचणी सकारात्मक येते याचे प्रमाण आहे. तुम्हाला हवे आहे ते सकारात्मक आलेल्यांपैकी किती जण रुग्ण याचे. त्यासाठी आणखी दोन आकडे लागतात : आजार नसलेल्यांपैकी कितींना चाचणी चुकून सकारात्मक सांगते, आणि तुमच्यासारख्या लोकांत आजार किती आढळतो.

समजण्यासाठी आकडे धरू. आजार हजारात एकाला, चुकून सकारात्मक येण्याचे प्रमाण ५ टक्के. टक्के बाजूला ठेवून माणसे मोजा. एक लाख जणांत रुग्ण १००, त्यांतल्या ९९ जणांची चाचणी सकारात्मक. निरोगी ९९,९००, त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४,९९५ जणांचीही सकारात्मक. एकूण सकारात्मक ५,०९४, त्यांत खरे रुग्ण ९९. म्हणजे २ टक्क्यांहूनही किंचित कमी.

हा निष्कर्ष लक्षणे नसताना सरसकट केलेल्या तपासणीचा आहे. डॉक्टरांनी लक्षणे पाहून चाचणी सांगितली असेल तर तुम्ही हजारात एक असलेल्या गटात नाही. तशा लक्षणांच्या दहांत एकाला आजार असतो असे धरा : १,००० जणांत १०० रुग्ण, ९९ सकारात्मक, ९०० निरोगी, ४५ सकारात्मक. आता १४४ पैकी ९९, सुमारे ६९ टक्के. तीच चाचणी, तोच कागद, आणि अर्थामध्ये एवढा फरक. म्हणून डॉक्टरांना "चाचणी किती अचूक?" एवढेच न विचारता "माझ्यासारख्यांत सकारात्मक आलेल्या किती जणांना पुढे आजार निघतो?" असे विचारा.

पुन्हा चाचणी केल्याचा उपयोग होतो का? पहिल्या उदाहरणातल्या ५,०९४ जणांची तीच चाचणी पुन्हा केली आणि दोन्ही वेळच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तर सुमारे ९८ रुग्ण आणि २५० निरोगी पुन्हा सकारात्मक निघतील. शक्यता २८ टक्के. पण चूक शरीरातल्या एखाद्या कायमच्या घटकामुळे होत असेल तर दुसऱ्या वेळीही तीच होईल आणि पुनर्तपासणीने फारसे काही कळणार नाही. म्हणूनच खात्रीसाठी बहुधा वेगळ्या तत्त्वावरची चाचणी सांगतात.

प्रश्न : चार पर्यायांच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. येत नसलेले प्रश्न सोडावेत की ठोकून द्यावेत?

उत्तर : बरोबर उत्तराला १ गुण धरून सरासरी काढा. आंधळेपणाने निवडले तर १/४ शक्यता १ गुणाची आणि ३/४ शक्यता पाव गुण जाण्याची. १/४ − ३/१६ = १/१६. थोडा फायदाच आहे. एक पर्याय खात्रीने चुकीचा म्हणून काढता आला तर १/३ − २/१२ = १/६. एक तृतीयांश गुण कापत असतील तर आंधळ्या निवडीची सरासरी शून्य होते, एक पर्याय काढल्यावर १/९ उरते.

सरासरी म्हणजे हमी नव्हे. पाव गुणाच्या नियमाखाली २० प्रश्न आंधळेपणाने सोडवले तर सरासरी सव्वा गुण मिळतो, पण हाती तोटा येण्याची शक्यता २२.५ टक्के आहे, ना नफा ना तोटा १९ टक्के, आणि फायदा ५८.५ टक्के. चार उत्तरे बरोबर आली की हिशोब शून्यावर येतो, तीन किंवा कमी आली की खाली जातो.

पर्याय काढतानाची खात्री मात्र खरी हवी. काढलेला पर्यायच दहातून एकदा बरोबर निघत असेल, तर उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाची शक्यता १/३ नसून ०.३ होते आणि पाव गुणाच्या नियमात सरासरी ०.३ − ०.१७५ = ०.१२५ वर येते. चारदा काढलेल्यांतला एक बरोबर निघत असेल तर तुम्ही काही काढलेलेच नाही, पुन्हा १/१६. आणि एकाच अर्धवट आठवणीवर पाच-सहा प्रश्न सोडवत असाल तर ते एकत्रच चुकतात किंवा एकत्रच बरोबर येतात. सरासरी तीच राहते, चढउतार वाढतो. कट-ऑफच्या जरा वर असलेल्याने असे प्रश्न सोडलेले बरे, खाली असलेल्याने सोडवलेले.